कच्च्या कातड्याचा जागतिक बाजारभाव आणि आपण

(मंडळाच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात केलेले भाषण)





आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पाहून काही जणांनी भुवया उंचावल्या असतील. बौद्ध मंडळाच्या अभ्यासवर्गात कातड्याचा बाजारभाव कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. आपल्या वाडवडिलांनी जे काम सोडले, त्याची आठवण तरी कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. मेलेले जनावर ओढण्याचे आणि त्याचे कातडे सोलण्याचे काम शेकडो वर्षे आपल्या माथी मारलेले होते. पण ते कातडे गावाबाहेर पडल्यावर कोठे जाते, त्याला काय भाव मिळतो आणि तो भाव कोण ठरवतो, हे आपल्याला कोणी कधी सांगितले नाही. ज्याच्या हातात सुरी होती, त्याच्या हातात हिशेब नव्हता. तो हिशेब आज आपण समजून घेऊ.

प्रथम दोन शब्दांतील फरक लक्षात घ्यावा. जनावराच्या अंगावरून काढलेले ते कातडे; कमावून टिकाऊ केलेले ते चामडे. कातडे नाशवंत असते. आपल्याकडील उन्हाळ्यात काही तासांत ते कुजू लागते, म्हणून त्याला लगेच मीठ चोळावे लागते. हे मीठ कातड्याच्या वजनाच्या साधारण ३० ते ४० टक्के लागते. मीठ लावायला उशीर झाला, सोलताना सुरीचा काप गेला, गोचिडाचे किंवा डागणीचे व्रण असले, की प्रत घसरते. मेलेल्या जनावराचे कातडे कत्तलखान्यातील कातड्यापेक्षा हलके धरले जाते, कारण त्यातील रक्ताचा निचरा झालेला नसतो. गावकुसाबाहेर उघड्यावर, अपुऱ्या मिठावर आणि बोथट सुरीने सोललेल्या कातड्याला शहरातील व्यापारी पडेल भाव का देत होता, त्याचे एक कारण हे आहे. दुसऱ्या कारणाकडे आपण पुढे वळू.

आता जगाच्या बाजाराकडे पाहू. कच्च्या कातड्याच्या निर्यातीत अमेरिका फार मोठा देश आहे. तेथील मोठ्या कत्तलखान्यांतून निघालेल्या खारवलेल्या कातड्याचा भाव दर नगाला सांगतात आणि जगभरचे व्यापारी त्याकडे लक्ष ठेवून असतात. प्रतींना ठरावीक नावे आहेत. डागणी नसलेले ते 'नेटिव्ह', मागच्या भागावर डागणी असलेले ते 'बट ब्रँडेड', कुशीवर डागणी असलेले ते 'कोलोरॅडो'. जनावर तेच, कातडे तेच. पण मालकाने ओळखीसाठी दिलेल्या एका डागणीमुळे भाव उतरतो. या मालाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अनेक वर्षे चीन हे राहिले आहे.

या व्यापाराचा मूळ नियम विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. आपल्या घरात कोणी ताकासाठी दही घुसळत नाही. लोणी हवे असते म्हणून घुसळतात, ताक आपोआप निघते. ताकाला मागणी वाढली म्हणून कोणी जास्त दही लावत नाही, आणि ताक कोणी घेतले नाही म्हणून लोणी काढायचे थांबत नाही. कातड्याचेही असेच आहे. जनावर कापले जाते ते मांसासाठी. कातडे हे त्यामागून येणारे जोडउत्पादन. जगात किती कातडी निघतील हे मांसाची मागणी ठरवते. त्या कातड्यांना काय भाव येईल हे बूट, मोटारीच्या गाद्या, पिशव्या आणि फर्निचर यांची मागणी ठरवते. पुरवठा एकाच्या हाती आणि मागणी दुसऱ्याच्या. या दोहोंचा मेळ बसला नाही की भाव एकदम चढतो किंवा एकदम कोसळतो.

उदाहरणे पाहा. २००१ साली युरोपात वेड्या गाईच्या रोगाची भीती होती, त्यात लाळ्या-खुरकुताची साथ आली. कातड्यांचा पुरवठा आटला आणि भाव कडाडले. २००८ च्या अखेरीस जगावर आर्थिक संकट आले, मोटारी व बुटांचा खप थंडावला, आणि तेच भाव काही महिन्यांत धाडकन खाली आले. २०१४ च्या सुमारास अमेरिकेतील जनावरांची संख्या कित्येक दशकांतील नीचांकावर होती. तेव्हा तेथील चांगल्या वजनदार कातड्याचा भाव नगाला १०० डॉलरच्या वर गेला होता. त्यानंतर उतरण लागली. लोक कापडी आणि कृत्रिम साहित्याचे बूट घालू लागले, कृत्रिम चामडे स्वस्त झाले, चीन-अमेरिका व्यापारयुद्ध सुरू झाले. २०१९ व २०२० मध्ये हलक्या प्रतीचे कातडे काही डॉलरांवर आले. मीठ, मजुरी आणि वाहतूक यांचा खर्चही त्यातून निघेना. तेव्हा अमेरिकेत लाखो कातडी कचऱ्याच्या खड्ड्यात पुरली गेली. मांस विकले जात होते, जनावरे कापली जात होती. कातड्याला मात्र कोणी घेणारा नव्हता.

आपल्या शेजारच्या बांगलादेशात ऑगस्ट २०१९ मध्ये काय घडले तेही सांगण्यासारखे आहे. तेथे बकरी ईदच्या कुर्बानीची कातडी मदरसे आणि अनाथालये यांना दान देण्याची रीत आहे. त्या विक्रीवर कित्येक संस्थांचा खर्च चालतो. त्या वर्षी भाव इतका पडला की लोकांनी कातडी रस्त्यावर टाकून दिली, जमिनीत पुरली. सरकारने आधी किमान भाव जाहीर केलेला होता. पण त्या भावाने घेणारा भेटला नाही. आपलेही हे मंडळ देणगीवर चालते, म्हणून ही गोष्ट आपल्याला चटकन समजेल. दूरच्या बाजारातील भाव पडतो तेव्हा एखाद्या अनाथ मुलाच्या ताटातील भात कमी होतो.

आता आपल्या देशाचा इतिहास पाहू. पहिल्या महायुद्धापूर्वी कलकत्त्याहून निघणाऱ्या कच्च्या कातड्यांचा मोठा भाग जर्मनी आणि ऑस्ट्रियाकडे जात असे, आणि हा व्यापार बऱ्याच अंशी जर्मन पेढ्यांच्या हाती होता. १९१४ साली युद्ध पेटले आणि ते गिऱ्हाईक तुटले. पुढे ब्रिटिश सैन्याच्या बुटांसाठी मद्रासकडील कमावलेल्या चामड्याला मागणी आली. युद्ध संपल्यावर, सप्टेंबर १९१९ मध्ये, सरकारने कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर १५ टक्के कर बसवला आणि माल ब्रिटिश साम्राज्यातच कमावला जाणार असेल तर त्यातील १० टक्के परत देण्याची सवलत ठेवली. यावर वाद झाला. १९२१-२२ च्या फिस्कल कमिशनने या करावर टीका केली. निर्यातीवर कर बसवला की देशातील भाव उतरतो आणि त्याचा भार कच्चा माल पुरवणाऱ्यावर पडतो, हा त्या आक्षेपाचा गाभा होता. १९२३ साली तो कर ५ टक्क्यांवर आणला गेला.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न पुन्हा आला. १९७३ साली भारताने कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याच सुमारास, १९७२ मध्ये, अर्जेंटिनानेही तशीच बंदी घातली होती. विचार असा होता की कच्चा माल परदेशी पाठवून तेथील कारखाने कशाला चालवायचे? येथेच कमवू, येथेच बूट शिवू, येथल्या लोकांना काम देऊ. या धोरणातून चेन्नई, आंबूर, राणीपेठ, कानपूर, कोलकाता, आग्रा येथे चामड्याचा मोठा उद्योग वाढला, हे मान्य केले पाहिजे. आग्र्याचे जाटव कारागीर बाबासाहेबांच्या चळवळीशी निष्ठेने जोडलेले आहेत, हे आपण जाणताच. परंतु बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे. बाहेरचा गिऱ्हाईक दारात येऊ शकत नसेल, तर आतला गिऱ्हाईक म्हणेल तोच भाव. जगातील भाव चढला तरी चढाचा लाभ कारखानदाराला. भाव पडला तर पडझड मात्र थेट सोलणाऱ्यापर्यंत. हे धोरण अलीकडे थोडे सैल होत आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्धवट तयार अशा क्रस्ट चामड्यावरील २० टक्के निर्यातकर काढला गेला आणि क्रोमने प्राथमिक कमावलेल्या 'वेट ब्लू' चामड्यावरील आयातकर माफ झाला.

मित्रहो, आता दुसऱ्या कारणाकडे येऊ. बाजारात भाव ठरायचा असेल तर विकणाऱ्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार असावा लागतो. भाव पटला नाही तर माल परत नेईन, काम करणार नाही, असे म्हणता आले पाहिजे. गावगाड्यात आपल्या माणसाला हा अधिकार नव्हता. जनावर मेले की निरोप येई आणि जावेच लागे. कातडे कोणाचे, ओढणाऱ्याचे की मालकाचे, याची रीत गावोगाव वेगळी आणि त्यावरून तंटेही होत. ते काम वतनाचा भाग समजले जाई, मजुरी समजले जात नसे. ज्या कामाला नकार देता येत नाही त्या कामाला भाव नसतो, मग अमेरिकेत कातडे १०० डॉलरला जावो की १ डॉलरला.

बाबासाहेबांनी हे मर्म नेमके ओळखले होते. मेलेली जनावरे ओढू नका, मृत मांस खाऊ नका, असे त्यांनी सांगितले तेव्हा विरोधकांनी मोठी कळकळ दाखवली. या लोकांचे किती नुकसान होणार, कातडे, शिंगे, खूर, हाडे यांचे वर्षाला सुमारे ५०० रुपये बुडणार, असा हिशेब वृत्तपत्रातून मांडला गेला. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला. त्यांच्या उत्तराचा आशय असा की एवढा नफा दिसत असेल तर तो तुम्हीच घ्या, तुम्ही जनावरे ओढा, वर मी पदरचे आणखी ५०० देतो. हे ऐकून सभेत हशा पिकला असेल. परंतु बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते, हे विसरू नये. त्या उत्तरात अर्थशास्त्राचा धडा आहे. एखाद्या धंद्यात खरोखर नफा असेल तर त्यात भांडवलवाले आपण होऊन शिरतात. वर्षानुवर्षे ज्यात दुसरे कोणी शिरले नाही आणि जो एकाच जातीसाठी 'राखून' ठेवला गेला, त्या नफ्याचा हिशेब करताना माणुसकीचा तोटा वजा करायचा राहून गेला होता.

हे सारे जुने झाले असे कोणी समजू नये. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना तालुक्यातील मोटा समढियाळा येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी अमानुष मारहाण केली. त्यानंतर गुजरातेत ठिकठिकाणी दलितांनी मेलेली जनावरे उचलणे बंद केले, सुरेंद्रनगरला तर ती जिल्हाधिकारी कचेरीसमोर आणून टाकली. नकाराचा अधिकार त्यांनी वापरला, आणि या कामाची किंमत गावाला व सरकारला तेव्हा कळली. २६ एप्रिल २०१८ रोजी त्या पीडित कुटुंबाने शेकडो बांधवांसह बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९५६ साली नागपूरला जे घडले, त्याचाच हा पुढचा टप्पा होय.

काही विद्यार्थी विचारतील, मग हा उद्योगच सोडावा काय? धम्माच्या दृष्टीने तो योग्य आहे काय? अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्यांत चामड्याचे नाव नाही. विनयाच्या महावग्गात तर चामड्यावर एक स्वतंत्र खंधक आहे. अनवाणी चंक्रमण करून पाय रक्ताळलेल्या सोण कोळिविसाच्या निमित्ताने भगवंतांनी भिक्खूंना एकपदरी पादत्राणाची अनुज्ञा दिली. मात्र त्याच खंधकात दुसरी कथा आहे. एका भिक्खूला वासराच्या कातड्याचा मोह पडला आणि त्याच्यासाठी एका उपासकाने वासरू मारले. भगवंतांनी त्या भिक्खूची निर्भर्त्सना केली आणि गाईचे कातडे वापरण्यास मनाई केली. वस्तूपेक्षा तिच्यासाठी हिंसेला उत्तेजन दिले जाते काय, हे तेथे पाहिले आहे. आजच्या बाजारात कातड्यासाठी गुरे मारली जात नाहीत. भाव शून्यावर आला तरी कत्तल थांबत नाही, हे आपण पाहिले. तरीही ज्याच्या मनाला हा व्यवसाय पटत नाही त्याने तो करू नये. आमचा आग्रह एवढाच की निर्णय आपला असावा. जातीने लादला म्हणून करू नये, आणि जातीची आठवण येते म्हणून डोळे मिटून लाजही बाळगू नये.

आणि जो या व्यवसायात उतरेल त्याने कच्च्या मालावर थांबू नये. आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घ्या. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावण्याची जुनी पद्धत आहे. २०१५ साली राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा कच्चा माल मिळवण्याची ओढाताण वाढली. म्हशी-रेड्यांच्या कातड्यावर भिस्त आली. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात अगदी तशाच चपला दाखवल्या आणि मूळ कारागिरांचे नाव घेतले नाही. ओरड झाल्यावर कंपनीने उगम मान्य केला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून येथेच २,००० जोड बनवून घेण्याचे जाहीर केले. जोडाची किंमत सांगितली गेली सुमारे ८०० युरो! आता हिशेब करा. त्या जोडातील कच्च्या कातड्याची किंमत किती? नगण्य. मग एवढी रक्कम कशाची? नावाची, आराखड्याची आणि विक्रीच्या हक्काची. अमेरिकेत जे कातडे फुकट पुरले जाते आणि मिलानला जी चपल ८०० युरोला मांडली जाते, त्या दोहोंमध्ये ज्ञान उभे आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांना आमच्या काही सूचना आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी चामड्याचे रसायनशास्त्र पाहावे. चेन्नईला १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. कमावण्याच्या कारखान्यातील क्रोम आणि क्षारयुक्त पाण्याने तामिळनाडूतील शेती व विहिरी नासल्या, तेव्हा २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी असा निकाल दिला. त्या कुंडांत उघड्या पायांनी उतरणारे मजूर बहुधा आपल्यासारख्याच वस्त्यांतील असतात. त्यांच्या हातमोज्यांचा, औषधपाण्याचा खर्च ज्या भावात धरलेला नाही, तो भाव खोटा आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी निर्यातीचे कायदे, कर आणि चलनाचे दर शिकावेत. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मानांकनाचा हक्क कारागिराच्या घरापर्यंत कसा पोहोचेल, हे पाहावे. आणि ज्यांच्या नातेवाइकांचे चपलांचे, पिशव्यांचे लहान दुकान आहे, त्यांनी घरी जाऊन एवढेच विचारावे, की चामडे कोणत्या भावाने घेता आणि तो भाव कोणी सांगितला? बहुतेक वेळा उत्तर येईल, व्यापाऱ्याने. चौकशी तेथूनच सुरू करावी. चार-पाच दुकानदारांनी मिळून एकत्र खरेदी केली तरी भावावर बोलण्याची ताकद येते.

मित्रहो, आपल्या पूर्वजांनी सुरी खाली ठेवली ती बाबासाहेबांच्या सांगण्यावरून, स्वाभिमानासाठी. त्या वेळी त्यांनी खरोखरच चार पैशांवर पाणी सोडले, उपास काढले, गावाचा बहिष्कार सोसला. त्यांचे ते नुकसान कोणत्याही बाजारभावात मोजता येणार नाही. त्यांनी आपल्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार मिळवून दिला. आता आपल्या हाती लेखणी आहे. जगाचा भाव वाचणे, त्यातील लबाडी ओळखणे आणि आपल्या श्रमाची किंमत आपण सांगणे, हे काम आपल्या पिढीने करावयाचे आहे.



नमो बुद्धाय! जय भीम!